सत्काराची पावती

आपल्या समाजाला सध्यां कोणत्या एका कलेंत प्रावीण्य आलें असेल, तर तें सत्कार करण्याच्या कलेंत होय. गांव लहान असो कीं शहर मोठें असो, तेथें वर्षानुवर्षें रुग्णांची शुश्रूषा करणारा, अनाथ मुलांना जेवूं घालणारा, बेवारस प्रेतांना अग्नि देणारा किंवा मजुरांच्या मुलांना रात्रीं शिकविणारा एखादा मनुष्य असतो. आणि तो सत्तरीला किंवा पंचाहत्तरीला पोंचला कीं त्याच्या भोंवतीं एक समिति जमते. निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, चौकांत फलक लागतात, अध्यक्ष व प्रमुख पाहुणे ठरतात. नेमल्या दिवशीं त्या वृद्धाच्या खांद्यावर शाल, हातांत श्रीफळ, डोक्यावर फेटा आणि मांडीवर एक जड सन्मानचिन्ह ठेवण्यांत येतें. मानपत्र वाचलें जातें. त्यांत 'हा समाज आपला शतशः ऋणी आहे' हें वाक्य बहुधा चुकत नाहीं. टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होतें, अल्पोपाहार होतो, आणि सर्वजण कृतकृत्य होऊन घरीं जातात.

या सोहळ्याविरुद्ध कांहीं लिहिणें म्हणजे कृतघ्नपणाचा आरोप ओढवून घेणें होय, हें आम्ही जाणून आहों. तथापि आमचें भांडण सत्कारमूर्तींशीं नाहीं. त्यांच्यापुढें आमचें मस्तक नम्रच आहे. आमचें भांडण सत्कार करणाऱ्यांशीं, म्हणजे आपणां सर्वांशीं आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, लोकसेवकाचा सत्कार हा आपल्याकडे ऋण मान्य करण्याचा विधि राहिला नसून तें ऋण बुडविण्याचा विधि झाला आहे. ज्या सत्कारानें सेवकाच्या खांद्यावरील भार गुंजभरही हलका होत नाहीं, तो सत्कार म्हणजे धनकोच्या हातांत नारळ देऊन त्याच्याकडून 'भरून पावलों' अशी पावती लिहून घेणें होय.

मानपत्रांतील तें ऋणाचें वाक्यच पाहा. व्यवहारांत कोणी मनुष्य दहा जणांदेखत 'मी तुमचें देणें लागतों' असें म्हणाला, तर ऐकणारे लगेच पुढचा प्रश्न विचारतात: किती, आणि केव्हां फेडणार? मानपत्र ऐकणाऱ्यांपैकीं हा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ऋणाचा उच्चार जितका अलंकारिक, तितकी फेडीची चिंता कमी, असाच अनुभव आहे. ज्या वसतिगृहासाठीं त्या वृद्धानें आयुष्य वेंचलें, तेथें पुढील महिन्याचें धान्य कोठून येणार. ज्या रुग्णांना तो रोज भेटतो, त्यांच्याकडे त्याचे गुडघे थकल्यावर कोण जाणार. त्याचे हिशेब कोण ठेवणार, आणि त्याच्या पश्चात् दार कोण उघडणार, यांतील एकही गोष्ट समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेंत नसते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पूर्वींसारखाच एकटा कामावर जातो. फरक पडतो तो इतकाच कीं, कालपर्यंत तो समाजाकडे कांहीं मागूं शकत होता; आतां मागावयास गेला, तर 'नुकताच तर आपला सत्कार केला' हें उत्तर लोकांच्या ओठांवर तयार असतें.

दुसरा दोष वेळेचा. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना डॉ. जॉन्सन आणि लॉर्ड चेस्टरफील्ड यांची गोष्ट ठाऊक आहे. आपला शब्दकोश सिद्ध करण्याच्या काळांत जॉन्सननें लॉर्डसाहेबांच्या आश्रयाची व्यर्थ वाट पाहिली. कोश छापून होत आला, तेव्हां लॉर्डसाहेबांनीं त्याची जाहीर स्तुति केली. त्यावर १७५५ सालीं जॉन्सननें त्यांना जें पत्र लिहिलें तें आजही अभ्यासलें जातें. गरजेच्या वेळीं न मिळालेला आश्रय गरज संपल्यावर घेण्याचें त्यानें साफ नाकारलें. आपले सत्कारमूर्ति जॉन्सनइतके फटकळ नसतात. ते शाल घेतात आणि हात जोडतात. म्हणून आपल्याला आपला उशीर कळत नाहीं.

धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्या मुरुड गांवानें सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ सालीं त्यांनीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० सालीं तो आश्रम गांवाबाहेर हिंगण्यास एका झोपडींत गेला. आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकविणारा हा प्राध्यापक, दिवसाचें काम आटोपून, पावसाचिखलांतून पायीं तेथें जाऊं लागला. त्या दिवसांत त्यांना काय हवें होतें? एक पोतें धान्य, एक शिक्षिका, आणि निंदेला न भिणारे दोन शेजारी. भारतरत्न हा किताब त्यांना १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं मिळाला. बहिष्कार आणि बहुमान यांत ६५ वर्षांचें अंतर पडलें. बहुमान अयोग्य होता असें कोण म्हणेल? परंतु त्या ६५ वर्षांत त्यांच्या वांट्याला आलेला भार त्यानें कणभरही उचलला नाहीं. १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं नवें मंडळ काढलें, आणि पुनः वर्गणीसाठीं दारोदार फिरण्यास आरंभ केला. कीर्ति तोंवर पुष्कळ झाली होती. पायपीट मात्र चुकली नाहीं.

जिवंतपणीं उशीर होतो, तर मृत्यूनंतर सोय होते. कारण मृतांना कांहीं मागतां येत नाहीं. १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगमध्यें रुग्णांना दवाखान्यांत पोंचवितां पोंचवितां सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगानें गांठलें, आणि १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. पुणें विद्यापीठाला त्यांचें नांव मिळालें तें २०१४ सालीं. नांव यथायोग्यच आहे. परंतु साथीच्या रोग्याला हात लावणाऱ्या स्त्रीचा असा गौरव करावयास आपल्याला ११७ वर्षें लागलीं, हेंही खरें आहे. या विलंबांतून आपण कांहीं शिकलों आहों कीं नाहीं, याची परीक्षा पुढच्या मोठ्या साथींत व्हावयाची होती. ती झाली.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, तेव्हां साधारणतः १००० वस्तीमागें एक याप्रमाणें गांवचीच एक स्त्री निवडून तिला 'आशा' हें नांव देण्यांत आलें. गरोदर स्त्रीला दवाखान्यांत नेणें, बालकांच्या लसींची आठवण देणें, क्षयरोग्याचें औषध चुकत नाहीं ना हें पाहणें, अशीं कामें तिच्याकडे आलीं. शासनदप्तरीं तिला स्वयंसेविका म्हणतात. हा शब्द मोठा गोड आहे, आणि त्याचा गोडवा मुख्यतः पैसे देणाऱ्याला लाभतो. स्वयंसेविकेला वेतन नसतें. तिला कामागणिक मोबदला मिळतो. नेहमींच्या ठरलेल्या कामांसाठीं केंद्राकडून मिळणारा मोबदला २०१८ सालीं महिना १००० रुपयांवरून २००० रुपये झाला, तेव्हां तीच मोठी वाढ म्हणून गणली गेली. मार्च २०२० मध्यें कोरोनाची साथ आली, आणि याच स्त्रिया घरोघर जाऊन कोणाला ताप आहे, परगांवाहून कोण आलें आहे, याची नोंद करूं लागल्या.

आतां पुढील तारखा एकीखालीं एक मांडून पाहाव्या. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां आरोग्यसेवकांच्या गौरवार्थ देशभर थाळ्या वाजल्या. ३ मे रोजीं रुग्णालयांवर आकाशांतून पुष्पवृष्टि झाली. जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील आशांना मोबदल्यासाठीं संप करावा लागला. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील १० लाखांहून अधिक आशांचा जगापुढें सन्मान केला, आणि सर्वत्र अभिनंदनाचे संदेश झळकले. ऑक्टोबर २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील आशा पुनः संपावर गेल्या. मोबदल्यांत वाढ झाली ती संप केल्यावर झाली. थाळ्यांनीं आणि फुलांनीं ती झाली नाहीं. येथें सत्कार हा देण्याच्या जोडीला आलेला नाहीं. तो देण्याच्या ऐवजीं आलेला आहे. सेवेचा गौरव आणि सेवेचें मोल हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला भरून दुसरा फिटल्याचें दाखविणें याला व्यापारांत जें नांव आहे, तेंच येथेंही द्यावें लागेल.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. 'पैसा आला कीं सेवा बाटते,' असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आणि नवल असें कीं, असें म्हणणारे बहुधा स्वतः दरमहा वेळेवर पगार घेत असतात. महाराष्ट्राचा इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं महिना ७५ रुपयांवर वीस वर्षें शिकविण्याचें बंधन स्वीकारलें. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच, आणि कर्वेही त्यांतलेच. १९०५ सालीं गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापला, तेव्हां सेवकांच्या निर्वाहाची तजवीज संस्थेकडेच ठेवली. त्या वेतनानें त्यांची सेवा बाटली असें त्यांच्या शत्रूंनींही म्हटलेलें नाहीं. उलट पोटाची विवंचना मिटल्यामुळेंच ती सेवा वीस वर्षें टिकली. त्याग किती करावा हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. ज्याला सेवा मिळते त्यानेंच दुसऱ्याच्या त्यागाचें माप ठरविलें, कीं त्याचें नांव त्याग राहत नाहीं; त्याला वेठ म्हणतात.

सत्काराचा तिसरा दोष याहून सूक्ष्म आहे. सत्कार मनुष्याचें तोंड बंद करतो. ज्याच्या गळ्यांत नुकताच हार पडला आहे, त्यानें त्याच व्यासपीठावरून 'माझ्या आश्रमाचें अनुदान तुमच्याच कचेरींत दोन वर्षें अडलें आहे' असें म्हणणें अशिष्टपणाचें समजलें जातें. सत्काराला उत्तर देतांना त्यानें भारावून जावें, आपण कांहींच केलें नाहीं असें म्हणावें, आणि खालीं बसावें, अशी अपेक्षा असते. बहुतेकजण ती पुरी करतात. गांधीजींनीं ती पुरी केली नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील मानवसेवेबद्दल सरकारनें त्यांना १९१५ सालीं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें होतें. पंजाबांतील अत्याचार आणि खिलाफतीचा प्रश्न यांवरून १९२० च्या ऑगस्टांत त्यांनीं तें परत केलें. देणाऱ्याचें पदक छातीवर आणि देणाऱ्याच्या अन्यायाची तक्रार ओठांवर, हीं दोन्ही सुखानें एकत्र नांदत नाहींत, हें त्यांनीं ओळखलें होतें. आपल्या गांवच्या सेवकाला पदक परत करावयास लावणें हें कांहीं आम्हांला सुचवावयाचें नाहीं. परंतु त्याची तक्रार ऐकण्याची ज्यांची तयारी नाहीं, त्यांना त्याच्या गळ्यांत हार घालण्याचा अधिकार नाहीं, एवढें तरी मान्य व्हावें.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. सत्कारामुळें तरुणांना प्रेरणा मिळते, आणि आयुष्यभर उपेक्षेंत राहिलेल्या माणसाला उतारवयांत चार क्षण आनंदाचे लाभतात, असें म्हणतात. यांतील दुसरा भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे, आणि तो आनंद हिरावून घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. पद्म पुरस्कारांसाठीं २०१६ पासून कोणाही नागरिकाला घरबसल्या नांव सुचवितां येऊं लागलें, आणि आडगांवचीं, अनवाणी चालणारीं माणसें राष्ट्रपतिभवनांत दिसूं लागलीं, हें चांगलेंच झालें. परंतु प्रेरणेची गोष्ट तपासून पाहावी. सभागृहांत बसलेला तरुण काय पाहतो? चाळीस वर्षें एकट्यानें झिजावें लागतें. तोंपर्यंत कोणी फिरकत नाहीं. आणि अखेरीस जें मिळतें तें पाहुण्यांच्या तीन भाषणांनंतर मिळतें. हें दृश्य पाहून तो सेवक होण्यापेक्षां प्रमुख पाहुणा होण्याची आकांक्षा धरील, तर दोष त्याचा नव्हे. पद्म पुरस्कार या पदव्या नव्हेत, म्हणून ते नांवाच्या मागेंपुढें लावूं नयेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं स्पष्ट सांगितलें. तरी पत्रिकेवर पाहुण्याच्या नांवाआधीं तो शब्द छापल्यावांचून आपल्या समित्यांचें समाधान होत नाहीं. कारण सत्काराचा प्रकाश सेवेवर पडावा, यापेक्षां तो व्यासपीठावर पडावा, हीच आपली खरी इच्छा असते.

आणि त्या व्यासपीठावर कोण नसतें, हेंही पाहण्यासारखें आहे. वसतिगृह काढणाऱ्याचा सत्कार होतो. तीस वर्षें त्याच वसतिगृहांत चाळीस मुलांच्या भाकऱ्या भाजणाऱ्या त्याच्या पत्नीला साडीचोळी देऊन शेजारच्या खुर्चीवर बसवितात, आणि तिला बोलावयास कोणी सांगत नाहीं. कर्व्यांच्या आश्रमासाठीं पार्वतीबाई आठवले यांनीं गांवोगांव हिंडून वर्गण्या जमविल्या. इंग्रजीचें ज्ञान तुटपुंजें असतांही पुढें त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांचें नांव आज किती जणांना सांगतां येईल? सत्काराला एकच मूर्ति लागते. काम मात्र कधींही एका माणसानें होत नसतें.

मग सत्कार करूंच नयेत काय? करावे, परंतु आपल्याच पूर्वजांनीं केले तसे करावे. पूर्वीं थैली अर्पण करण्याची रीत होती. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांच्या साठाव्या वाढदिवशीं पुण्यांत त्यांना एक लाख रुपयांची थैली देण्यांत आली, आणि त्यांनीं ती राष्ट्रकार्याकडे वळविली. त्या समारंभांत भाषणें झालीं असतील. पण त्याचा गाभा असा कीं, गौरव करणाऱ्यांनीं आपल्या खिशांतून कांहीं काढलें आणि ज्याचा गौरव झाला त्याचें काम पुढें गेलें. दुसरें उदाहरण याहूनही मोठें आहे. गाडगेमहाराज गांवांत येत ते हातांत खराटा घेऊन. कोणी पायां पडूं लागला तर ते त्याला पायां पडूं देत नसत. दिवसा ते गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तन करीत. त्यांचा मान राखण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे दुसरा खराटा घेऊन त्यांच्या शेजारीं उभें राहणें. १९५६ सालीं ते गेले. २००० सालीं शासनानें त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू केलें. त्यांत बक्षीस मिळवावयाचें तर गांवानें आधीं आपले रस्ते आणि गटारें झाडून काढावयाचीं होतीं. आमच्या मतें आधुनिक काळांतील हा एक खरा सत्कार होय. कारण सत्कारमूर्तीचें काम सत्कार करणाऱ्यांना स्वतः करावें लागलें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यापुढें कोणत्याही गांवांत, कोणत्याही मंडळानें लोकसेवकाचा सत्कार योजिला, तर तीन गोष्टींखेरीज तो होऊं नये. पहिली, मानपत्राऐवजीं त्या सेवकाच्या कामाचा वृत्तान्त वाचला जावा: किती मुलें, किती रुग्ण, किती खर्च, किती तूट, आणि कोणकोण मदतीला. दुसरी, त्या तुटीपैकीं आणि त्या श्रमांपैकीं कोण काय उचलतो, तें त्याच सभेंत नांवनिशीवार लिहून घ्यावें. ज्याला पैसा देणें शक्य नाहीं त्यानें आठवड्याचे दोन तास द्यावे. ज्याला तेंही शक्य नाहीं त्यानें निदान पुढच्या रांगेंत बसूं नये. तिसरी, एक वर्षानें तीच सभा पुनः भरावी आणि लिहिलेलें किती फेडलें तें वाचून दाखवावें. आणि जेथें सेवा करणारी व्यक्ति पोटासाठीं राबत आहे, जेथें 'स्वयंसेविका' हा शब्द केवळ वेतन टाळण्यासाठीं योजिला आहे, तेथें सत्कार मुळींच करूं नये. तेथें आधीं वेतन द्यावें.

या अटी घातल्या तर समारंभांची संख्या एकदम घटेल, हें आम्हांला ठाऊक आहे. घटूं द्या. जे थोडे उरतील त्यांतून परतणारा वृद्ध सेवक दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपल्या कामावर जाईल, तेव्हां त्याच्याबरोबर आणखी कोणी तरी चालत असेल. तसें ज्या सत्कारानें होत नाहीं, त्यांतील शाल कितीही उंची असली तरी ती त्या वृद्धाच्या खांद्यावर पडत नाहीं. ती आपल्या ऋणावर पांघरलेली असते.